वीत धरून की वीत सोडून

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीच्या हाती देतेय, तुझ्या नाही. तुझ्या हाती दिलं असतं तर पहिली ओळ वाचून तू ते खिशात कोंबलं असतंस आणि म्हणाला असतास, "चल, चहा घेऊ." मग चहा झाला असता, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या असत्या आणि मला जे सांगायचंय ते पुन्हा एकदा घशातच राहिलं असतं. समोरासमोर मी तुझ्याशी आजवर एकदाही जिंकलेली नाही. तू ओरडत नाहीस, भांडत नाहीस, नुसता हसतोस आणि माझ्या सगळ्या मुद्द्यांची हवा निघून जाते. म्हणून हा कागद. वहिनीला मी बजावून ठेवलंय की जेवणं झाली की दार लावायचं आणि हे तुला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावायचं. तिचा एक हात प्लास्टरात असला तरी दुसऱ्या हातानं ती तुला खुर्चीत दाबून बसवेल.

रविवारी तुमच्याकडे आले ती बोलायचं ठरवूनच आले होते. टायरच्या दुकानावरचा तो लोखंडी जिना चढताना वाक्यंसुद्धा जुळवली होती. दार उघडलं तर तू खाटेच्या एका पायाखाली पुठ्ठा सारत होतास. का, तर खाट हलत नाही म्हणून! सगळं जग डुगडुगणारी खाट गप्प बसावी म्हणून पुठ्ठा घालतं, तू ती जराशी डुगडुगावी म्हणून घालत होतास, कारण जन्म बोटीवर काढल्यावर न हलणाऱ्या जमिनीवर तुला झोप लागत नाही. वहिनी हसून हसून बेजार झाली. मीही हसले आणि हसता हसता जुळवलेलं पहिलं वाक्यच विसरले. तुमच्या त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत तेवढी दिसते, तरी तू बोलता बोलता उठून खिडकीशी जात होतास. वहिनी म्हणाली, हा दिवसभर धक्क्यावर असतो, लोकांच्या बोटींचे दोर बांधून देतो, फुकटात. निघताना तू सांगितलंस की गोदामावर रखवालदाराची जागा आहे, विचारून आलोय. तू आणि रखवालदार! जेवायला एका जागी बसवताना आईच्या नाकी नऊ यायचे तो माणूस फाटकाशी स्टूल टाकून बसणार. मी "बघ बाबा, बरंय" असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. खाली टायरवाल्यानं विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. मी हो म्हणाले.

परवा मी गोदीत जाऊन आपली फुटलेली बोट बघून आले. तुला सांगितलं नाही. बोटीच्या पोटात शिरलेल्या पाण्यानं तू भरलेल्या सिमेंटचं जे करायचं ते करून टाकलंय. दोन माणसं छिन्नी-हातोडा घेऊन आत खणत होती. गोण्यांचे आकार जसेच्या तसे आहेत, वरच्या शिवणीसकट, फक्त दगडाचे. आपल्या लहानपणी जिथे आई बटाट्यांची पोती ठेवायची आणि तू मला लपाछपीत कोंडून विसरून गेला होतास, तो कोपरासुद्धा आता भरीव झालाय. मुकादम मला ओळखत नव्हता. म्हणाला, "कुणा शहाण्यानं रेडिओ बंद ठेवून बोट हाकली म्हणे. असल्यांना पुन्हा सुकाणूला हात लावू देता कामा नये." मला त्याला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो, म्हणतात खरं," आणि शिडीवरून उतरले. मला माझीच शिसारी आली, दादा.

अपघाताच्या चौकशीच्या पहिल्या दिवशी मी तुझ्या मागच्या रांगेत बसले होते. समितीची तीन माणसं, त्यांच्यापुढे पाण्याचा जग आणि तू उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनीनं डाव्या हातानं इस्त्री केलेली कळत होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सकाळी रेडिओवर पाण्याच्या खोलीचा आकडा ऐकला होता का. तू खाकरून म्हणालास, "नाही साहेब. रेडिओ बंद होता. बॅटरी उतरली होती. माल अंदाजानं भरला." इतक्या सहज म्हणालास की क्षणभर मलाही खरं वाटलं. ती बॅटरी महिन्यापूर्वी मीच नवी आणून बसवली होती. रेडिओ बंद ठेवून भरलेली बोट हाकणं हा नदीवरचा सगळ्यात मोठा गुन्हा, त्याला परवाना जन्माचा जातो, हे तुला त्या तिघांपेक्षा जास्त माहीत होतं. पण ऐकला होता म्हणालास तर ते पुढचं विचारणार होते: मग आकड्यापेक्षा वीतभर जास्त माल का भरलास? आणि आकडा सांगणारी मी, म्हणून त्याचं उत्तर सरळ माझ्या दाराशी येऊन उभं राहिलं असतं. तू मागे वळून पाहिलं नाहीस. मी उठून उभी राहिले नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले.

आई सगळ्यांना सांगायची, थोरल्यानं धाकटीसाठी शाळा सोडली. मला ते ऐकून चीड यायची. खोटं होतं ते. शाळा तुला नकोच होती, तुला बाबांच्या जागी सुकाणूवर उभं राहायचं होतं. माझं शिक्षण हे तुझ्यासाठी आयतं निमित्त होतं, आणि उपकार मात्र माझ्या डोक्यावर. वर मला 'फूटपट्टी' म्हणून चिडवायचास, का तर मी दिसेल ते मोजत सुटायचे. त्यामुळे तू माझ्यासाठी काही केलंस असं कुणी म्हटलं की मी मनात हसते. या वेळी मात्र हसता येत नाही. "रेडिओ बंद होता" हे तू खरोखर माझ्यासाठी बोललास आणि मी ते मुकाट्यानं घेतलं.

आता तुला ठाऊक असलेलंच थोडं सांगते. मला ते एकदा नीट लावून बघायचंय. मोजणीकाका माझ्या आधी पुलाजवळच्या त्या मोजणीच्या खोलीत बसायचे. रोज सकाळी खिडकीतून पुलाच्या खांबावरची रंगवलेली मोजपट्टी वाचायची, किती खोल पाणी आहे ते रेडिओवर सांगायचं आणि बोटवाल्यांनी त्या बेतानं माल भरायचा, असं ते काम. पण बोटवाला म्हणजे बोटवाला. आकडा ऐकला की "अजून थोडा चढव, काही होत नाही" हे ठरलेलंच. दोन-तीन बोटी घासल्यावर काकांनी युक्ती काढली. ते पाणी वीतभर कमी सांगू लागले. वहीत खरं लिहायचं, रेडिओवर वीत वजा करायची. तुम्ही लोक काय दुधखुळे? थोड्याच दिवसांत तुम्हाला कळलं आणि तुम्ही बोट वीतभर जास्त बुडेल इतका माल बिनघोर भरू लागलात. म्हणजे काका तुम्हाला फसवत होते, तुम्ही काकांना फसवत होतात आणि बोटी मात्र सुखरूप जात होत्या. काम माझ्याकडे देताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, मग आता खरंच का नाही सांगत? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी कुणाची बोट घासू द्यायची ते तू ठरव, मी दुसऱ्या दिवसापासून खरं सांगतो." मला तेव्हा फार हसू आलं होतं. मग मीही वर्षानुवर्षं सकाळी उठून वीत वजा करत राहिले. तूही माझा आकडा ऐकून वीत वाढवत राहिलास. यावर आपण कधी बोललोसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीतले साहेब आले ते तुला माहीत आहे, पण खोलीत काय झालं ते माहीत नाही. मला कायम करायचं की तिथे आपोआप मोजणारं यंत्र बसवून मला घरी पाठवायचं, हे ठरवायला ते आले होते. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पण भला माणूस. जिना चढून आल्यावर आधी पाणी मागितलं, मग माझ्या खुर्चीची मोडकी पाठ बघून हळहळला. खिडकीशी उभं राहून त्यांनी दुर्बिणीतून मोजपट्टी वाचली, मी वाचली, दोघांचा आकडा जुळला. ते खूश झाले आणि म्हणाले, "सांगा आता रेडिओवर. ऐकू द्या मला." माझ्या मागे उभे, हातात पेन. बटण दाबलं आणि माझ्या तोंडून खरा आकडा गेला. वीत वजा न करता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले आणि मला दरदरून घाम फुटला. आदल्या दिवसापेक्षा आकडा वीतभर चढलेला ऐकून तुला वाटलं असणार की वरच्या धरणातून पाणी सोडलं. प्रत्यक्षात नदी होती तिथेच होती.

मी स्वतःला सांगितलं, साहेब चहाला गेले की एकेकाला फोन लावू. साहेबांना चहा नको होता. त्यांना पाण्याचा वेग मोजायचा होता, लगेच, ऊन चढायच्या आत. मोजणीची होडी तयारच होती. फोन टेबलावर राहिला. राहिला म्हणजे काय, मीच उचलला नाही. त्यांच्यादेखत फोन करून काय बोलणार होते? 'माझा आकडा खरा आहे, त्यावर विश्वास ठेवू नका'?

नदीच्या मधोमध नांगर टाकून आम्ही बसलो होतो. पंख्यासारखी ती छोटी चक्री दोरानं पाण्यात सोडायची, पाण्याच्या जोरानं ती फिरते, कानाला लावलेल्या यंत्रात तिची टिकटिक ऐकायची आणि मोजायची. साहेबांनी घड्याळ धरलं होतं. तेवढ्यात पुलाखालून तुझी बोट बाहेर आली. बोटीच्या नाकावर रंगवलेले आकडे मला लांबूनही वाचता येतात, तेवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. पाणी कुठपर्यंत आलंय ते मी पाहिलं. वीत भरलेली होती. खाली सासूबाई. त्या खडकाळ उथळ वळणाला ज्यानं कुणी 'सासूबाई' नाव दिलं तो मोठा अनुभवी असणार. तिथून जाताना मान खाली, तोंड बंद आणि पोट आत घेऊनच जावं लागतं. तिथे पोचायला तुला दोन तास होते. रेडिओ माझ्या गुडघ्याशी होता. फक्त म्हणायचं होतं, दादा, थांब, नांगर टाक.

साहेब त्याच वेळी सांगत होते की इतकं नेमकं वाचणारी माणसं हल्ली मिळत नाहीत, मी अहवालात तसं लिहिणार आहे. तू नेहमीसारखा दोनदा भोंगा वाजवलास. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन पदराला हात पुसत उभी राहिली. मी हात वर केला. दादा, तो हात थांब म्हणायला वर गेला होता, हे तू माझं ऐक, पटलं नाही तरी ऐक. अर्ध्यावर गेल्यावर त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो नुसताच हलला, निरोपाला हलवतात तसा. वहिनीनं उलट हात केला. साहेबांनी विचारलं, "ओळखीचे?" मी म्हटलं, "भाऊ आहे." ते म्हणाले, "अरे वा!" आणि त्यांनीही हात हलवला. तू भोंगा आणखी एकदा वाजवलास, खास साहेबांसाठी. मग बोट वळणाआड गेली आणि मी टिकटिक मोजू लागले. मोजताना चुकले, पुन्हा मोजली, पुन्हा चुकले. मनाची समजूत घालायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत. दादा सावध आहे, हळू जाईल. सासूबाईपाशी थोडं पाणी जास्तच असतं. आणि नाहीच जमलं तर नुसती घासेल, घासतात बोटी. माझ्या कायमच्या नोकरीसाठी मी तुम्हा दोघांना त्या खडकावर जाऊ दिलं. कितीही वेळा वेगळं लिहून बघितलं तरी वाक्य हेच होतं.

दवाखान्यात आले तेव्हा वहिनीच्या मनगटाला प्लास्टर चढत होतं आणि धक्का बसला तेव्हा हातातली किटली कशी उडाली ते ती नर्सला रंगवून सांगत होती. तू बाकावर ओल्या कपड्यांत बसला होतास. मला वाटलं, आता विचारशील, आकडा असा कसा सांगितलास. तू मला जवळ बसवून घेतलंस आणि हळूच विचारलंस, "तुला कुणी काही विचारलं नाही ना?" तेव्हा मला कळलं की तुला सगळं कळलंय. हात का हलला ते सोडून सगळं. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "मग झालं तर." बाबांची बोट खडकावर फुटून पडली होती, बायकोच्या हाताला प्लास्टर चढत होतं आणि तू म्हणालास, मग झालं तर.

दुसऱ्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलंय. साहेब आता रोज सकाळी मुख्य कचेरीतून माझा आकडा स्वतः ऐकतात, कौतुकानं. त्यामुळे वीत वजा करायची सोय उरली नाही. रोज खरा आकडा सांगायचा आणि रेडिओ बंद केला की लगेच फोन वाजायला लागतात. एकामागून एक बोटवाले, दबक्या आवाजात, एकच प्रश्न: "ताई, आजचं पाणी वीत धरून की वीत सोडून?" म्हणजे वीत आकड्यातच आहे की त्यांनी वर चढवायची. मी म्हणते, आकडा आहे तो आहे; जुनी वीत कबूल करायचं धाडस होत नाही. त्याचा अर्थ कुणी असा घेतो, कुणी तसा. गेल्या मंगळवारी ते पिवळ्या बोटीचे आजोबा, सून-नातवंडांसकट बोटीवर राहतात ते, सासूबाईपाशी घासले. नशिबानं निसटले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, म्हणाले, "तुमचं काही चुकलं नसेल हो, आमचाच अंदाज चुकला." मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यावर ओरडत का नाही? ते म्हणाले की तुमच्या भावानं शपथ घातलीय. धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक बोटीचा दोर धरून तो हेच सांगतो, की धाकटीचं नाव कुणाच्या तोंडून निघता कामा नये, समितीपुढे वीत हा शब्द काढायचा नाही. म्हणून सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलीय. तर हे तुझं फुकटचं दोर बांधणं! आणि वहिनीला वाटतंय, बिचाऱ्याला बोटीची सवय सुटत नाही.

त्या फोननंतर मी मोजणीकाकांकडे गेले. मुलीकडे असतात ते आता, पाचव्या मजल्यावर. मला वाटलं, म्हातारा माणूस, जगलेला माणूस, मला काहीतरी वाट दाखवेल. त्यांनी आधी अर्धा तास लिफ्ट बंद असल्याची तक्रार केली. मग सगळं ऐकून घेतलं, समितीला सांगू का हा माझा प्रश्नही, आणि भडकले. मला म्हणाले, "माझं नाव घ्यायचं तर घे, मी काही नाकारणार नाही. पण मला कशाला विचारायला आलीस? भाऊ तुझा, तोंड तुझं. मी हो म्हटलं की तुला बरं वाटणार, एवढ्यासाठी पाच जिने चढलीस होय?" आणि वर म्हणाले, नदीचं मला काही सांगू नकोस, इथे नळालासुद्धा पाणी येत नाही. चहा विचारला नाही. पण खरं सांगू, ते रागावले ते मला आवडलं. इतक्या दिवसांत माझ्यावर रागावलेले ते पहिलेच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज दुपारी मी समितीपुढे गेले होते. कुणी बोलावलं नव्हतं, दारावरच्या शिपायाशी हुज्जत घालून आत शिरले. सगळं सांगितलं: काकांची वीत, माझी वीत, त्या सकाळी वजा न केलेली वीत आणि होडीतून हलवलेला हात. साहेब तिथेच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातलाच नाही. माझी नोकरी जाईल, बहुतेक आणखीही काही होईल, ते माझं मी बघेन. पण अध्यक्ष काय म्हणाले ऐक. म्हणाले, "बाई, भावासाठी बहीण असं बोलणारच. तुमच्या भावानं त्या दिवशी आकडा ऐकलाच नव्हता, तसा त्याचा जबाब आहे. मग तुमच्या आकड्यामुळे त्याचं काय बिघडलं?" तुझ्या जबाबाप्रमाणे मी कुणाचं काहीच केलेलं नाही. उद्या सकाळी ते तुला पुन्हा बोलावणार आहेत. तू इस्त्रीचा शर्ट घालून जाशील, हसशील आणि म्हणशील, माझी बहीण हळवी आहे, तिचं मनावर घेऊ नका. तेवढं केलंस की संपलं. तुझा परवाना जन्माचा जाईल, मी कपाटातलं पत्र काढून कायमची होईन आणि पुढच्या महिन्यात कुणाची तरी बोट नातवंडांसकट फुटेल. बाकीचे बोटवाले तुझ्या तोंडाकडे बघतायत. तू बोललास तरच ते बोलतील, आणि आकड्याचा अर्थ एकदाचा सगळ्यांसाठी एक होईल. खरं निघालं तर तुझा परवाना काही महिने अडकवून ठेवतील, काढून घेणार नाहीत, हे मी समितीच्या कारकुनाला विचारून आलेय. दादा, मला सांभाळणं आता पुरे. मी केलेलं माझ्या नावावर राहू दे. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, वर्षभर बोलू नकोस, वहिनीला काय सांगायचं ते सांग. पण उद्या ते विचारतील की रेडिओ चालू होता का, तेव्हा चालू होता म्हण. आवाज कुणाचा होता विचारतील, तेव्हा माझं नाव घे. आणि तो ऐकून विश्वासानं माल भरला, असंही म्हण.

तुझीच,
धाकटी